सोळा पिनांची गोष्ट

ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंगच्या खाली हात घातला की गुडघ्याच्या वर कुठेतरी एक प्लॅस्टिकचा कपलर हाताला लागतो. दोन ओळी, एका ओळीत आठ, एकूण सोळा पिनांची जागा. गाडी घेऊन दहा वर्षं झाली तरी बऱ्याच जणांनी तो पाहिलेला नसतो. सर्व्हिसिंगला गाडी गेली की तिथला माणूस त्याला वायर जोडतो, हातातल्या स्क्रीनवर काहीतरी बघतो आणि "सेन्सर गेलाय" किंवा "ईसीएम बदलावा लागेल" असं सांगतो. या दोन वाक्यांच्या किमतीत किती फरक असतो ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच विचारा. आणि कधीकधी तो तिसरंच वाक्य बोलतो, "स्कॅनर कनेक्टच होत नाहीये."

या विकांताला त्या कपलरचा इतिहास लिहायला घेतलाय. हे तिसरं वाक्य का येतं आणि ते आल्यावर काय करायचं असतं, हे इतिहास बाजूला ठेवून नीट कळत नाही. सॉफ्टवेअरवाल्या मंडळींना तर ही गोष्ट फारच ओळखीची वाटेल. लॉग कोणी लिहायचा, कोणी वाचायचा, आणि लॉग लिहिणारा प्रोग्रॅमच बसला तर काय करायचं, एवढंच तर आहे सगळं.

सुरुवात मात्र गाडीपासून करून चालत नाही, धुरापासून करावी लागते. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहरावर असा काही धुरकट पडदा आला की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, पलीकडचा रस्ता दिसेना. युद्ध चालू होतं, त्यामुळे जपानने विषारी वायू सोडला की काय अशीही शंका लोकांना आली. पुढची काही वर्षं कारखान्यांना दोष देण्यात गेली. खरं कारण सापडलं ते आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाला. कॅलटेकमध्ये हे गृहस्थ अननसाचा वास नेमका कशाने येतो याचा अभ्यास करत होते (खरंच!). तीच उपकरणं त्यांनी शहराच्या हवेला लावली. गाड्यांच्या नळकांड्यातून आणि तेलाच्या कारखान्यांतून निघणारे हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि वरून कॅलिफोर्नियाचं कडक ऊन, यांच्यातून ओझोन तयार होतो आणि तोच डोळ्यांत जातो, हे त्यांनी १९५० च्या आसपास दाखवून दिलं. तेल कंपन्यांना अर्थातच ते पटलं नाही. पण १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र बोर्ड काढायचं ठरवलं तेव्हा पहिले अध्यक्ष हागेन-स्मिटच झाले. या लेखात पुढे जिथे जिथे "बोर्ड" येईल तिथे हेच बोर्ड समजायचं.

१९७० मध्ये अमेरिकेचा क्लीन एअर ॲक्ट आला. गाडीच्या धुरातले काही घटक पाच वर्षांत नव्वद टक्के कमी करा, असं त्यात होतं. १९७५ पासून तिथल्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागायला लागले. पुढे आलेल्या थ्री-वे कन्व्हर्टरची अट मोठी अवघड होती. एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा, हे प्रमाण अगदी जवळपास सांभाळलं तरच तो तिन्ही विषांवर काम करतो. कार्बोरेटर कितीही चांगला ट्यून केला तरी थंडीत, चढावर, ट्रॅफिकमध्ये हे प्रमाण टिकवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. मग बॉशचा ऑक्सिजन सेन्सर आला, १९७६ मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत तो पहिल्यांदा बसला. सेन्सर धूर चाखणार, कोणीतरी हिशेब करणार आणि पेट्रोल कमी-जास्त करणार. तो "कोणीतरी" म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. मायलेजचेही कायदे त्याच काळात आले होते, पण मुख्य रेटा धुराचाच. १९८१ पर्यंत जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या सगळ्या पेट्रोल गाड्यांत कॉम्प्युटर बसला होता आणि त्यात सुमारे ५०,००० ओळींचा प्रोग्रॅम चालत होता. १९८१! आपल्याकडे त्या वर्षी प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसेडर होत्या, आणि मारुती उद्योग नावाची सरकारी कंपनी नुकती स्थापन झाली होती.

आता जरा त्या वेळच्या मेकॅनिकच्या जागी जाऊन विचार करा. कालपर्यंत बोनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर होतं. चोक अडकला तर बोटाने हलवून कळायचं, प्लग काढून त्याच्या रंगावरून मिश्रण सांगता यायचं. आज मध्ये एक ॲल्युमिनियमचा डबा आहे, त्यातून वायरी निघाल्यात आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. इंजिन झटके खातंय. चूक डब्याची, सेन्सरची की वायरची?

जनरल मोटर्सने त्यासाठी जी सोय दिली तिचं नाव फार बोलकं आहे, असेंब्ली लाइन डायग्नोस्टिक लिंक. म्हणजे बारा पिनांचा हा कपलर मुळात कारखान्यातल्या लाइनवर गाडी तपासण्यासाठी होता. गॅरेजवाल्याला त्यातून जे मिळालं ते जवळजवळ फुकटचं होतं. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करायची आणि ए आणि बी या दोन पिना एका वायरच्या तुकड्याने जोडायच्या. बऱ्याच जणांनी तर कागदाची क्लिपच सरळ करून वापरली. मग डॅशबोर्डवरचा "चेक इंजिन" दिवा लुकलुकायला लागतो. एकदा, थोडं थांबून दोनदा. म्हणजे कोड १२. असं तीन वेळा.

या कोड १२ चं मला फार कौतुक वाटतं. त्याचा अर्थ "डिस्ट्रिब्युटरकडून पल्स येत नाहीत", आणि इंजिन बंदच असल्यामुळे ते येणारच नाहीत. म्हणजे दोष नसताना मुद्दाम दाखवलेला हा दोष आहे. तो दिसला की चार गोष्टी एकदम सिद्ध होतात. कॉम्प्युटरला सप्लाय आहे, अर्थ आहे, दिव्याची वायर शाबूत आहे आणि आतला प्रोग्रॅम चालू आहे. आपण नवीन मशिनवर पहिल्यांदा "हॅलो वर्ल्ड" चालवतो ना, तेच. आणि कोड १२ आलाच नाही, तर बाकीचे कोड शोधत बसायचं नाही, आधी या चार गोष्टी तपासायच्या. आज स्कॅनर जोडला जात नाही तेव्हाही नेमकं हेच करायचं असतं, ते पुढे येईलच.

कोड वाचला तरी काम संपत नव्हतं. उदाहरण म्हणून पाण्याच्या तापमानाचा सेन्सर घ्या. तो म्हणजे फक्त एक रेझिस्टर आहे, तापला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो. कॉम्प्युटर आपल्या पोटातल्या एका ठरावीक रेझिस्टरमधून त्याला ५ व्होल्ट देतो आणि मधल्या जागेचं व्होल्टेज मोजतो. व्होल्टेज जास्त म्हणजे इंजिन थंड, कमी म्हणजे गरम. त्याला तापमान म्हणून दुसरं काहीच दिसत नाही! वायर मध्येच तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि भर उन्हाळ्यात तो समजतो की गाडी सैबेरियात उभी आहे. तो पेट्रोल वाढवतो, इंजिन काळा धूर सोडतं. उलट वायर सोलून बॉडीला टेकली तर शून्य व्होल्ट, म्हणजे त्याच्या मते पाणी उकळतंय. जनरल मोटर्सच्या यादीत पहिल्या प्रकाराला कोड १५ होता आणि दुसऱ्याला १४. दोन्हींचा अर्थ "या सर्किटचं व्होल्टेज पटण्यासारखं नाही" एवढाच. "सेन्सर बदला" असं त्यात कुठेही नाही.

मग सेन्सर की वायर हे ठरवायचं कसं? कोड १५ असेल तर सेन्सरचा कपलर काढायचा आणि त्या दोन वायरी एकमेकींना जोडायच्या. कॉम्प्युटरला आता एकदम खूप गरम दिसायला लागलं, तर वायरिंगही ठीक आणि कॉम्प्युटरही ठीक, दोष सेन्सरमध्ये. काहीच बदललं नाही, तर सेन्सरला हात लावू नका, वायर शोधा. दोन मिनिटांचं आणि शून्य रुपयांचं काम. आजच्या गाडीतही हे जसंच्या तसं चालतं. फक्त आता स्कॅनरवर आकडा दिसतो, आणि तुटलेल्या वायरीचा आकडा असतो उणे ४०. नव्या पद्धतीत तापमान एका बाइटमध्ये पाठवतात आणि वाचणाऱ्याने त्यातून ४० वजा करायचे असतात. बाइट शून्य आला की उणे ४०. पुण्यात मे महिन्यात स्कॅनरने उणे ४० दाखवलं तर तो हवामानाचा अंदाज नाही, कपलर निघालाय. :)

असो. तर ही झाली एका कंपनीची तऱ्हा. क्रायस्लरच्या गाडीत चावी ऑन-ऑफ-ऑन-ऑफ-ऑन अशी पटापट फिरवली की दिवा कोड सांगायचा. फोर्डला काटेवाला व्होल्टमीटर जोडून काट्याचे हेलकावे मोजायचे. होंडाने तर कित्येक मॉडेल्समध्ये कॉम्प्युटरच्या डब्यावरच छोटा एलईडी लावला होता, तो बघायला पायाखालचं कार्पेट उचलायचं किंवा सीटखाली डोकं घालायचं. टोयोटात पुन्हा दोन पिना जोडायच्या, पण त्या बोनेटखाली. कपलर वेगळे, कोड वेगळे, पद्धत वेगळी. स्नॅप-ऑन कंपनीचा विटेच्या आकाराचा लाल स्कॅनर त्या काळात प्रसिद्ध होता. त्यात प्रत्येक कंपनीच्या गाड्यांसाठी वेगळी काडतुसं घालायची आणि कपलरच्या टोकाला वेगवेगळ्या किल्ल्या लावायच्या. ज्या गॅरेजवाल्याला हे सगळं परवडलं तो टिकला, बाकीचे अंदाजाने पार्ट बदलत राहिले. "बदलून बघू" ही पद्धत आपण आपल्याकडची समजतो, पण ती जागतिक आहे.

हवेच्या बोर्डाला या गोंधळाची काळजी वेगळ्या कारणाने होती. गाडी कारखान्यातून निघताना स्वच्छ असते, पण पाच वर्षांनी ऑक्सिजन सेन्सर मेला आणि कोणाला पत्ताच नाही, तर कायद्याचा उपयोग काय? १९८५ मध्ये बोर्डाने पहिला नियम केला. १९८८ च्या मॉडेलपासून गाडीने स्वतःच्या धूर-यंत्रणेवर लक्ष ठेवायचं आणि बिघडलं तर दिवा लावायचा. हा ओबीडी-एक. त्यात कपलर कसा असावा, कोड कोणते असावेत याचं बंधन नव्हतं. १९८९ मध्ये दुसरा नियम मंजूर झाला, १९९४ पासून हळूहळू आणि १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या कार्सना. हाच ओबीडी-दोन. आता नुसती वायर तुटली का एवढंच बघून भागणार नव्हतं. कन्व्हर्टर खरंच काम करतोय का हे बघायला त्याच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर लागला, कुठला सिलिंडर मिसफायर करतोय ते क्रँकच्या वेगातल्या बारीक चढउतारावरून ओळखायचं होतं, आणि धूर ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट व्हायच्या आत दिवा लागायला हवा होता.

दरम्यान १९९० मध्ये क्लीन एअर ॲक्टची दुरुस्ती झाली. तिच्यातलं एक कलम मला या सगळ्या इतिहासातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं. कपलर सगळ्यांचा एकसारखा हवा, आणि धुराशी संबंधित माहिती वाचायला कंपनीचा गुप्त संकेत किंवा फक्त कंपनीकडेच मिळणारं उपकरण लागता कामा नये, असं ते सांगतं. दुरुस्तीची माहितीही बाहेरच्या मेकॅनिकला मिळाली पाहिजे. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला कायद्याने दिलेला हा हक्क होता, आणि तो मिळाला हवेच्या निमित्ताने. हागेन-स्मिट १९७७ मध्येच गेले, नाहीतर अननसापासून निघून आपण गॅरेजपर्यंत आलो हे बघून त्यांना मजा वाटली असती.

कपलर एक झाला, भाषा मात्र एक झाली नाही. कंपन्यांच्या आपापल्या गुंतवणुकी होत्या, आणि समितीत सगळ्यांचं मन राखायचं म्हटलं की काय होतं ते आपण ऑफिसात बघतोच. जनरल मोटर्स एका वायरवर, दुसऱ्या पिनवर, सेकंदाला १०.४ किलोबिट वेगाने बोलणार. फोर्ड दोन वायरींवर, २ आणि १० नंबरच्या पिनांवर, ४१.६ किलोबिट. क्रायस्लर आणि युरोप-आशियाच्या बऱ्याच गाड्या सातव्या पिनवर. बॉशने १९८३ मध्ये ज्याच्यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटमध्ये जगासमोर मांडलं, ते कॅन बस नावाचं प्रकरण ६ आणि १४ वर. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून कॅन सक्तीचं झालं तेव्हा कुठे हा भाषावाद मिटला. म्हणून जुन्या गाडीत बॅटरी घेऊन कपलरसमोर वाकलात तर कुठल्या पिना भरलेल्या आहेत यावरूनच गाडीची मातृभाषा सांगता येते.

सातव्या पिनवाल्या भाषेत गाडीला हाक कशी मारायची ते वाचून मी चाट पडलो होतो. स्कॅनर आधी एक पत्ता पाठवतो, सोळाच्या पाढ्यात तेहतीस, म्हणजे साधारण दहावीपर्यंतच्या हिशेबात ५१. तो पाठवायचा ५ बॉडने. पाच हजार नव्हे, पाच! स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून दहा बिट होतात, म्हणजे एक बाइट पाठवायला पूर्ण दोन सेकंद. मग कॉम्प्युटर १०,४०० बॉडने उत्तर देतो आणि संभाषण सुरू होतं. एवढं सावकाश का, तर समोरचा साध्यातला साधा प्रोसेसरही ती हाक ओळखू शकला पाहिजे म्हणून. या वायरीवर कोणी बोलत नसताना बॅटरीएवढं व्होल्टेज असतं, आणि बऱ्याच गाड्यांत एअरबॅग, एबीएस वगैरे मंडळीही तिलाच जोडलेली असतात. यातल्या एकाने जरी ती बॉडीला टेकवून धरली की सगळेच मुके. इंजिनचा कॉम्प्युटर ठणठणीत, पण स्कॅनर म्हणणार, कनेक्ट होत नाही.

म्हणजे आलो आपण त्या तिसऱ्या वाक्यावर. "स्कॅनर बोलत नाही म्हणजे ईसीएम गेला" हा निष्कर्ष म्हणजे पिंग लागला नाही म्हणून सर्व्हर फेकून देण्यासारखं आहे. आधी तोच स्कॅनर दुसऱ्या चांगल्या गाडीला लावून बघायचा. याला कारण आहे. कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची ईएलएम ३२७ नावाची चिप आली आणि हौशी लोकांनाही गाडीशी बोलता यायला लागलं (आपल्या जुन्या मोडेमसारख्याच एटी कमांड द्यायच्या). पण तिच्या पहिल्या आवृत्तीत कॉपी होऊ नये म्हणून असलेली सोय चालू केलेलीच नव्हती. नकलांचा पूर आला. त्यातल्या कित्येक स्वतःला १.५ आवृत्ती म्हणवतात, जी एल्मने कधी काढलीच नाही. एल्म २०२२ मध्ये बंद झाली, नकला अजून विकल्या जातायत. तेव्हा मुका कोण आहे, गाडी की स्कॅनर, हे आधी ठरवलेलं बरं.

मग कपलर. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचे बारा व्होल्ट हवेत, चावी बंद असतानाही. ४ आणि ५ वर अर्थ. बऱ्याच गाड्यांत या सोळाव्या पिनचा फ्यूज आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो. लायटरच्या भोकात मोबाइलचा स्वस्त चार्जर घातला, फ्यूज उडाला, आणि सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगला स्कॅनर चालू होईना. हे फार वेळा होतं.

त्यानंतर कॅनच्या दोन वायरी. बॅटरी काढायची आणि ६ व १४ मध्ये मीटरवर रेझिस्टन्स मोजायचा. बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात, समांतर जोडलेले, म्हणजे ६० दिसले पाहिजेत. १२० दिसले तर कुठेतरी एक टोक तुटलंय. शून्याच्या जवळ दिसले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात, मग एकेक कपलर काढत जायचं, कोणता काढल्यावर आकडा सुधारतो ते बघत. बारावीच्या फिजिक्समधलं समांतर रेझिस्टरचं गणित आयुष्यात कुठे लागतं असं विचारणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर खुद्द कॉम्प्युटरकडे जायचं, पण तो उघडायचा नाही. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा क्षणभर तरी लागतो का? नाही लागला तर तो बहुतेक जागाच झालेला नाही, आणि इथे आपल्या मदतीला १९८१ चा कोड १२ येतो. सप्लाय आहे का, अर्थ आहे का? यात एक फसवी जागा आहे. डिजिटल मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. त्यामुळे वायरीच्या वीस तारांतली एकच शिल्लक असली तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. त्याच ठिकाणी जुना टेस्ट लॅम्प, नाहीतर इंडिकेटरचा बल्ब लावा. दिवा मंद लागला की सत्य बाहेर येतं. अर्थचंही तसंच, इंजिन चालू असताना कॉम्प्युटरची अर्थ पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात दशांश-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मध्ये कुठेतरी गंज आहे. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात, बॉडीला बोल्टने कसलेल्या अर्थच्या वायरीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आणि तरीही नाहीच सापडलं तर एक शेवटचा संशयित. कॉम्प्युटर बऱ्याच सेन्सर्सना एकाच ५ व्होल्टच्या वायरीने पोसतो. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, किंवा इंजिनच्या गरम भागाला टेकून ती वायर सोलली, की ते ५ व्होल्ट कोसळतात. बऱ्याच डिझाइन्समध्ये त्याच्याबरोबर कॉम्प्युटरही बसतो. दिवा नाही, स्कॅनर नाही, गाडी चालू नाही, म्हणजे मेलेल्या ईसीएमची सगळी लक्षणं. एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. एक असा निघतो की तो काढल्याबरोबर दिवा लागतो आणि स्कॅनर बोलायला लागतो. काही शे किंवा हजाराच्या सेन्सरसाठी पाच आकडी ईसीएम बदलला जातो, तो हे पाच मिनिटांचं काम न केल्यामुळे. नवा ईसीएम बसवल्यावरही तो मुकाच राहतो, हा त्यातला क्रूर विनोद.

या कपलरचं वजन २००१ नंतर आणखी वाढलं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी १९९६ नंतरच्या गाड्यांची धूर-तपासणी नळकांड्यात नळी घालून करायचं सोडलं. कपलरला वायर लावायची, कोड नाही, दिवा नाही, म्हणजे गाडी पास. गाडीनेच स्वतःचं प्रगतिपुस्तक लिहायचं. यात काय होऊ शकतं ते फोक्सवॅगनने दाखवलं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात डॅन कार्डर यांच्या टीमने मोजणीची उपकरणं गाडीच्या डिकीत बसवून डिझेल गाड्या रस्त्यावर पळवल्या. या टीममध्ये अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे आपले दोन इंजिनिअरही होते. रस्त्यावरचा नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या कित्येक पट निघाला. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नोटीस काढली. जगभरात १.१ कोटी गाड्या. टेस्ट चालू आहे हे ओळखून वेगळं वागणारा प्रोग्रॅम होता तो. दिवा कधीच लागला नाही, कारण दिवा लावणारं आणि फसवणारं सॉफ्टवेअर एकाच डब्यात होतं. भारतात एप्रिल २०२३ पासून गाड्यांना रस्त्यावरची चाचणी आली, तिचं मूळ या प्रकरणात आहे.

आपल्याकडे ओबीडी आलं ते भारत स्टेज चार बरोबर, १ एप्रिल २०१० ला, आधी तेरा शहरांत. त्यांत मुंबई आणि पुण्याबरोबर सोलापूरही होतं, हे सोलापूरकरांनाही बहुधा आठवत नसेल. ओबीडी-दोन २०१३ पासून. कपलर तोच, सोळा पिनांचा. पण अमेरिकेच्या १९९० च्या कलमासारखं, बाहेरच्या गॅरेजला माहिती द्या असं सांगणारं काही त्याच्याबरोबर आलं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि डायग्नोस्टिक टूल या गोष्टी बाहेरच्या गॅरेजना न देता स्वतःच्या डीलरपुरत्या ठेवल्या म्हणून. पुढे अपिलं झाली. मला इतकंच वाटतं की ज्या निकालाची चर्चा प्रत्येक गॅरेजमध्ये व्हायला हवी होती तो बिझनेसच्या पानावर येऊन गेला.

दरवाजा बंद करायचं नवं कारण मात्र तोवर तयार होतं, सुरक्षा. ते खोटं नाही. २०१० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी याच कपलरमधून शिरून चालत्या गाडीचे ब्रेक निकामी करून दाखवले. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी जीप चेरोकी लांबून, मोबाइल नेटवर्कवरून ताब्यात घेतली. त्यात कपलरचा संबंध नव्हता, पण फियाट-क्रायस्लरला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २०१८ च्या सुमारापासून त्यांनी कपलर आणि बाकीच्या गाडीमध्ये एक पहारेकरी डबा बसवला. कोड वाचता येतात. पुसायचे असतील किंवा एखादा भाग चालवून बघायचा असेल तर नोंदणी केलेला स्कॅनर हवा. म्हणजे "कनेक्ट होत नाही" याला आता चौथं कारण आलं. सप्लाय ठीक, अर्थ ठीक, ६० ओहम ठीक, फक्त तुम्हाला परवानगी नाही. हे मीटरवर दिसत नाही. कुलूप असावं हे मला पटतं, रोज लॉगिन-पासवर्डमध्ये काम करणारा माणूस त्याला नाही कसं म्हणेल? पण किल्ली गाडीच्या मालकाकडे नसून कंपनीकडे असावी हे पटत नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये लोकांनी यावर दोनदा मत दिलंय. २०१२ मध्ये, डीलरला मिळतं तेच बाहेरच्या गॅरेजलाही विकत मिळावं म्हणून. त्यानंतर २०१४ मध्ये कंपन्यांनी देशभरासाठी तसा करार केला. आणि २०२० मध्ये, गाडी कपलर टाळून थेट मोबाइल नेटवर्कवरून कंपनीला जी माहिती पाठवते तीही मालकाला मिळावी म्हणून. तेव्हा सुमारे ७५ टक्के मतं बाजूने पडली आणि कंपन्या लगेच कोर्टात गेल्या.

इलेक्ट्रिक गाड्यांचं तर आणखीनच वेगळं. ही सगळी इमारत धुराच्या कायद्यावर उभी आहे, आणि त्यांना धूरच नाही. त्यामुळे सोळा पिनांचा हा कपलर आणि त्यामागचं समान कोडचं बंधन त्यांना अमेरिकेत लागू होत नाही. टेस्लाच्या मॉडेल ३ मध्ये तो नेहमीच्या जागी शोधलात तर सापडणार नाही. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या त्याच बोर्डाने २०२६ च्या मॉडेलपासून इलेक्ट्रिक गाड्यांनाही कपलर आणि बॅटरीच्या तब्येतीची ठरावीक माहिती देणं बंधनकारक करणारे नियम केले. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या ठरावाने त्या नियमांना मिळालेली केंद्राची परवानगीच रद्द झाली आणि त्याच दिवशी कॅलिफोर्निया कोर्टात गेलं.